रेस सोडल्यावर

३ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून दिलं असशील, तर भाचीला फोडायला सांग. कामाचं पत्र आहे. कामाचं असलं की तू कुणाचंही वाचायचीस.

आबांचं जुनं झाडं कापायचं मशीन खिळ्यावरून खाली काढलंय. दाजींनी शेवटी वापरलं ते. अकरा वर्षं वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टांगून होतं, वर पोतं. पोतं उचललं तर खाली कोळ्यानं संसार मांडलेला. टाकीत तेव्हाचंच पेट्रोल, वाळून डिंक झालेलं. कार्बोरेटर खोलला, धुतला, आतला रबरी पडदा बदलला. जुना पडदा बोटात धरला तर वाळक्या पानासारखा कुरकुरला. पेट्रोलची नळी, फिल्टर, प्लग, सगळं नवं घातलं. पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून एकेक फेरा मोकळे केले, आबा करायचे तसे. नवव्यांदा दोरी ओढल्यावर मशीन सुरू झालं. माझा खांदा तेवढा निखळायचा राहिला.

आता अडचण. स्लोवर टिकत नाही. रेस सोडली की आधी बरं चालतं, मग आपलं आपणच चढतं, मग उतरतं, मग बंद पडतं. तिसरा स्क्रू, स्लोचा, तो चढवला तर चालू राहतं, पण मग साखळी सरकायला लागते. या मशीनला साखळीचा ब्रेक नाही, तुला माहीत आहे. रेस सोडल्यावर साखळी उभी राहिली पाहिजे, एवढाच काय तो त्याचा ब्रेक.

दुसरी अडचण माझी. उजवा कान गेला, डावा जायच्या बेतात आहे. आबा म्हणायचे, मोकळ्यावर पूर्ण रेस दिली की मशीन जरा घोगरं बोललं पाहिजे, आणि लाकडात घातलं की आवाज साफ झाला पाहिजे. मोकळ्यावरच साफ किंचाळत असेल तर समजा पेट्रोल कमी पडतंय आणि पिस्टन जळणार. ते घोगरं मला आता ऐकूच येत नाही. बायकोला शेजारी उभं केलं. म्हटलं, नीट ऐक, मांजर घुरघुरल्यासारखं आहे की ओरडल्यासारखं? म्हणाली, ‘मला तर मांजर चिरडल्यासारखं वाटतंय, बंद करा ते.’

तू काउंटरवर बसून, पाठमोरी, बिलं फाडता फाडता सांगायचीस, ‘आबा, पाव फेरा सोडा.’ आणि बरोबर असायचं. म्हणून विचारतोय.

हे सगळं कशासाठी, ते भाचीनं घरी सांगितलं असेल किंवा नसेल. गेल्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आली होती. बाळ छान आहे, नाक आपल्याकडचं आलंय बिचाऱ्याचं. चहा पिता पिता म्हणाली, ‘मामा, ते मशीन आहे का अजून?’

‘आहे. का, विकायचंय?’

‘बाबांना हातात घेऊन बघायचंय. एकदाच. रेस दाबायची, सोडायची, बोट सुटतं का बघायचं म्हणतात.’

मग तिनं बाकीचं सांगितलं. दाजी बाळाला घेत नाहीत. मांडीवर ठेवलं तर दोन्ही हात बाजूला धरून बसतात, कुणीतरी उचलेपर्यंत. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही, सोड म्हटलं तेव्हा सुटला नव्हता. जेवताना चमच्याच्या दांड्यावर तर्जनी दाबतात आणि सोडतात, दाबतात आणि सोडतात. मी हे तुला काय सांगतोय, तुझ्याच टेबलावरचं आहे.

मी भाचीला हो म्हटलं. मशीन ठीक करून आणून देतो म्हटलं. तू एवढंच कळव की स्लो का टिकत नसेल. लोभाबिभाचं लिहीत नाही, तुला हसू येईल.

छोटू
(सत्तावन्न पूर्ण)


११ मार्च

ताई,

भाचीला फोन केला होता. म्हणाली, आईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि चमच्यांच्या खणात ठेवलं. उत्तराचं काही बोलली नाही. ठीक आहे. मी आपला लिहितो.

मशीन अजून तसंच आहे. कार्बोरेटर तीनदा उतरवला. आतल्या सुईच्या दांडीची उंची पट्टी लावून पाहिली. सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजली होती, ती जाळून साफ केली. हवेचा फिल्टर धुतला. टेबलावर ठेवलं की पाच मिनिटं बरं चालतं, मला वाटतं झालं, आणि चहाचा कप उचलावा तर हे बसतं. आता मी कप उचलत नाही. चहा गार होतो, मशीनही गार होतं, दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

वर्कशॉपात हल्ली काम नसतंच. नवी मशीनं लोक बिघडली की टाकून देतात. मी दहाला उघडतो, पाचला बंद करतो. मधल्या वेळात गुडघे दुखतात. तुझ्या काउंटरवर आता जुन्या साखळ्यांचे डबे आहेत. परवा तिथे बसलो तर दाजी आठवले. तेव्हा ते दाजी नव्हते, नुसते गिऱ्हाईक होते. आठवड्यातून दोनदा मशीन घेऊन यायचे. आबा खोलून बघायचे आणि म्हणायचे, ‘अहो, यात काही बिघाड नाही.’ दाजी म्हणायचे, ‘नसेल, पण एकदा ताईंना ऐकू द्या.’ आबांना कळायला वर्ष लागलं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण मला दर वेळी त्यांच्याकडून लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या.

ताई, दाजींचा पाय गेला तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला विचारलं होतंस, ‘तू मशीन बघितलंस का रे एकदा?’ एवढंच विचारलं होतंस. आवाजही चढवला नव्हतास. मी तुला म्हटलं होतं, ‘मशीनला काय धाड भरलीय? तुझ्या नवऱ्याला विचार.’ तू पिशवी उचललीस आणि वर गेलीस. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

पण मी तरी दुसरं काय म्हणणार होतो? तिसऱ्या दिवशी ठेकेदाराकडून तपासणीवाले साहेब आले. मशीन टेबलावर ठेवलं, सुरू केलं, रेस दाबली, सोडली. साखळी थांबली. पुन्हा दाबली, सोडली. थांबली. त्यांनी लिहिलं, यंत्र निर्दोष, चालकाचं बोट रेसवर राहिल्याने अपघात. खाली दाजींनीच सही केली, पलंगावर पडल्या पडल्या. म्हणाले, ‘राहिलं असेल बाबा. नाहीतर कसं होईल?’

मी तर तेव्हा गाडीपाशी होतो, दोर आवरत. आरडाओरडा झाला तेव्हा धावलो. तुला हे माहीत आहे. तरी लिहिलं.

काही सुचलं तर कळव. पडदा, सुई, नळी, सगळं झालं आहे.

छोटू


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि अक्षर म्हणजे एकच ओळ. ‘टेबलावर काय बघतोस? तोंड खाली करून बघ.’ सही नाही, तारीख नाही. बायको म्हणाली, ‘तुमच्या घरात शब्दाला कर लागतो वाटतं.’

मी कार्ड खिशात घातलं आणि मशीन सुरू केलं. पाच मिनिटं गरम होऊ दिलं. मग पुढची मूठ धरून तोंड खाली केलं, झाड कापून झाल्यावर माणूस हात खाली सोडतो ना, तसं.

रेसला माझं बोट नव्हतं. आवाज चढला. माझ्या कानालासुद्धा कळला. साखळी नुसती सरकत नव्हती, पळत होती. पुन्हा आडवं केलं, दोन क्षण घेतले आणि उतरलं. पुन्हा खाली, पुन्हा चढलं. दहा वेळा तरी केलं असेल. शेवटी बंद केलं.

कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये तो काळा रबरी बूट असतो, तो काढला. वरून धड. अंगठ्यांनी वाकवला तर खालच्या बाजूच्या वळीत चीर. नखाएवढी. मशीन आडवं असलं की मिटलेली, तोंड खाली गेलं की इंजिन आपल्या वजनानं लोंबतं, बूट ताणला जातो आणि चीर उघडते. बाहेरची हवा आत. पेट्रोल कमी, हवा जास्त, मशीन मोकाट. रेस सोडली तरी ऐकत नाही.

चीर नवी नाही. तिच्या कडा काळ्या आहेत, आत लाकडाचा भुसा जाऊन घट्ट बसलाय. खिळ्यावर टांगून भुसा आत जात नाही.

भंगारात याच जातीचं एक फुटकं मशीन होतं, त्याचा बूट चांगला निघाला. बसवला. स्लो लगेच धरला. तोंड वर, खाली, आडवं, कसंही करा, रेस सोडली की साखळी उभी. मिक्श्चर नीट लागावं म्हणून शेजारच्या सुताराला ऐकायला उभं केलं. तो म्हणाला, मोकळ्यावर घशात बेडकी आहे, लाकडात सुटते. एक ओंडका कापला. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मशीन आता आबांनीही नावं ठेवली नसती असं आहे.

आणि संध्याकाळभर मी ते समोर ठेवून बसलोय.

कारण हे असं मशीन मी दाजींच्या हातात दिलं तर काय होईल? ते रेस दाबतील, सोडतील, साखळी थांबेल. पुन्हा करतील, पुन्हा थांबेल. मग ते म्हणतील, मशीन चांगलंच आहे की. म्हणजे माझंच बोट. साहेबांच्या टेबलावर जे झालं तेच तुमच्या अंगणात होईल, आणि मशीन परत एकदा मीच ठीक करून दिलेलं असेल.

‘परत एकदा’ लिहून गेलो. खोडत नाही. जेवायला हाक मारतायत. उरलेलं उद्या.

छोटू


२० मार्च

ताई,

त्या दिवशी सकाळी मशीन स्लोवर बंद पडत होतं. दाजींनी दोनदा सांगितलं, ‘छोटू, हे मधेच मरतंय, बघ जरा.’ तेव्हा आबा जाऊन चार महिने झाले होते आणि वर्कशॉप माझ्याकडे आलं होतं. पाण्याच्या टाकीमागचं ते मोठं झाड दुपारपर्यंत उतरवायचं होतं, ठेकेदार दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला होता. मला वाटलं, हवा ओढत असणार कुठूनतरी. वाटलं म्हणजे कळलंच. शोधायला अर्धा दिवस गेला असता. मशीन पूर्ण खोलायला लागलं असतं आणि सगळ्यांना दिसलं असतं की आबांच्या मुलाला सांगितल्या वेळेत मशीन देता येत नाही.

मी स्लोचा स्क्रू चढवला. अर्ध्या फेऱ्याच्या वर. मशीन मरायचं थांबलं. साखळी किंचित सरकत होती, मुंगीच्या चालीनं. मी दाजींना म्हटलं, ‘घ्या, झालं.’ त्यांनी विचारलं, ‘साखळी उभी राहते ना?’ मी म्हटलं, ‘राहते.’

आपल्या धंद्यात हे कुणी करत नाही. नवशिका करतो, आणि आबांनी तो त्याच दिवशी घरी पाठवला असता. गाडीचा स्लो चढवला तर गाडी नुसती पेट्रोल खाते. याचा चढवला तर साखळी खाते.

दाजींना कापून झालं की हात खाली सोडून पाय बदलायची सवय होती, सगळ्यांनाच असते. त्यांनी रेस सोडली, तोंड खाली गेलं, ती चीर उघडली असणार, आणि मी आधीच स्लो वर नेऊन ठेवला होता.

आता पुढचं. त्यांना चौघांनी उचलून गाडीत घातलं. मांडीला कुणीतरी पट्टा आवळला होता. सगळे गाडीकडे धावले. मशीन तिथेच भुशात पडलं होतं, बंद झालेलं. मी गुडघ्यावर बसलो, खिशातला छोटा पेचकस काढला आणि स्क्रू होता तिथे परत आणला. मग गाडीत बसलो. रस्ताभर दाजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पेचकस माझ्या मुठीतच होता, आणि त्याच मुठीनं मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत होतो.

साहेब आले तेव्हा मशीन टेबलावर आडवं होतं आणि स्क्रू खाली होता. थांबणारच साखळी.

जिन्यात तू विचारलंस तेव्हा मी मशीन बघितलेलं होतं, ताई. सगळ्यात आधी मीच बघितलं होतं.

ही अकरा वर्षं मी मनाला काय सांगत आलो, तेही लिहितो. असं सांगत आलो की दाजींचा पाय काही सत्य सांगून परत येणार नाही. कागद झाला, सही झाली, काठीची सवय झाली, आता कशाला. त्यांच्या हाताचं मला माहीत नव्हतं. पाय गेला एवढंच मी धरून होतो. हातही मीच नेले, हे भाची परवा चहा पिता पिता सांगून गेली. तिला कल्पनाही नसेल.

बायकोला काल सांगितलं. ती भांडी लावत होती. मग म्हणाली, ‘मला कशाला सांगता? माझं काय कापलं गेलंय?’

मी रविवारी, तीस तारखेला, सकाळी येतो. चांगला बूट काढून तो फाटका परत बसवलाय. स्क्रू तेव्हा होता तिथे नेलाय. मशीन कुणाच्या हातात देणार नाही, लाकडी घोडीला आवळून ठेवीन. दाजींनी फक्त रेस दाबायची आणि सोडायची. दारातून परत पाठवायचं असेल तर भाचीला फोन करायला सांग, म्हणजे गाडीचा खर्च वाचेल. हे वाक्य विनोदी झालं, तसं म्हणायचं नव्हतं.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. किंवा नको, तू ठरव.

छोटू


३१ मार्च

दाजी,

आतापर्यंतची पत्रं ताईला लिहिली. हे तुम्हाला.

काल तुमच्या अंगणात मी घोडी मांडली, मशीन दोन पट्ट्यांनी आवळलं, तोंड खाली केलं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. ताईनं तुम्हाला पत्र दिलेलं होतं, ते तुमच्या सदऱ्याच्या खिशात मला दिसत होतं. तुम्ही मला ‘ये’ म्हणाला नाहीत आणि ‘जा’ही म्हणाला नाहीत. मशीन गरम झालं, तुम्ही मुठीवर हात ठेवलात, रेस दाबलीत, सोडलीत. आवाज खाली आला नाही. साखळी पळत राहिली. तुम्ही तर्जनी उचलून डोळ्यांसमोर धरलीत आणि साखळीकडे पाहिलंत.

‘परत,’ म्हणालात.

पाच वेळा. चौथ्या वेळी तुम्ही सगळा हातच काढून घेतलात आणि मांडीवर ठेवलात, तरी ती पळतच होती. भाची रडायला लागली. पाचव्या वेळेनंतर तुम्ही म्हणालात, ‘बंद कर.’

मला वाटलं, झालं. जे करायला आलो ते झालं.

तुम्ही म्हणालात, ‘साखळी फिरत होती, हे पटलं. तू चढवलास, तू उतरवलास, तेही पटलं. पण बोटही राहिलं असेल माझं. दोन्ही असू शकतं.’

‘बाबा, आता तरी...’ भाची म्हणाली.

‘तू थांब गं. छोटू, एवढी पत्रं लिहिलीस, एवढा आटापिटा केलास, सगळं मशीनचं. रबर असं आणि चीर तशी. त्या घडीला तू कुठे होतास?’

‘गाडीपाशी,’ मी म्हटलं. ‘दोर आवरत होतो.’

‘हं. म्हणजे बघणारं कुणीच नव्हतं.’

काठी घेऊन तुम्ही आत गेलात. ताई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी पट्ट्या सोडल्या, मशीन गाडीत टाकलं आणि आलो. रस्त्यात दोनदा गाडी बाजूला घेतली. दुसऱ्यांदा परत फिरायचं ठरवलं होतं, पण तोंडावर सांगताना पुन्हा ‘गाडीपाशी’च बाहेर पडेल अशी भीती वाटली. अकरा वर्षं ते इतक्यांदा बोललोय की जीभ आपोआप तिकडे जाते. म्हणून कागदावर.

मी गाडीपाशी नव्हतो. दोर केव्हाच आवरून झाले होते. मी तुमच्यासमोर सहा पावलांवर उभा होतो. मुद्दाम उभा होतो, साखळी कितपत सरकते ते बघायला. सकाळपासून त्याच्यावरच लक्ष होतं माझं.

तुम्ही बुंध्याजवळची जाड फांदी कापून संपवलीत. फांदी पडली. तुम्ही रेस सोडलीत. तर्जनी मुठीच्या कडेनं सरळ झाली. त्या हातमोज्याचं टोक फाटलेलं होतं आणि तुमचं नख बाहेर दिसत होतं, त्यामुळे मला बोट नीट दिसलं. मुठीपासून सुटं, सरळ. मग मशीनचं तोंड खाली गेलं आणि आवाज उतरायच्या ऐवजी चढला. तेव्हा माझे कान चांगले होते. तुम्ही मला पाठमोरे नव्हता, फक्त खाली बघत होता. पाय उचलून पडलेल्या फांदीवरून पलीकडे टाकत होता.

पाऊल टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ होता, दाजी. ‘थांबा’ म्हणायला पुरला असता. माझं तोंड उघडलंही होतं. ओरडलो असतो तर तुम्ही मशीन बंद करून विचारलं असतंत, काय झालं रे, आणि चौघांसमोर आणि ठेकेदारासमोर मला सांगावं लागलं असतं की सकाळी मी स्लो चढवून दिला. मला वाटलं, पाऊल टाकून होईल. दर वेळी होतं तसं. मग मी जवळ जाईन, म्हणेन, द्या जरा बघू, आणि हळूच उतरवीन. हे सगळं तेवढ्यात वाटलं. मग पाऊल पडलं.

स्क्रूचं मी ताईला लिहू शकलो, कारण स्क्रू ही चूक होती असं म्हणता येतं. घाई होती, वर्कशॉप नुकतंच हाती आलं होतं, ठेकेदार होता. ओरडलो नाही त्याला असं काही म्हणता येत नाही. तुम्ही ‘राहिलं असेल माझं बोट’ म्हणून सही केलीत तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी होतो. पेन मीच दिलं होतं.

तपासणीवाल्यांच्या ऑफिसात जाऊन हेच लिहून देईन. तो कागद खोटा आहे, हे सांगायला माझी सही पुरत असेल तर सही, नाहीतर जे करायला लागेल ते. तुम्ही बोलावलंत तर तुमच्यासमोर परत सांगेन. नाही बोलावलंत तर येणार नाही. ताईला मी इतक्या पत्रांत हे एवढं लिहिलं नाही, तेही तिला सांगा.

बोट सुटलं होतं. मी बघितलं होतं.

छोटू